कोपऱ्यातला जोडीदार

ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, अर्थकारण आणि राज्यघटना यांवर विद्वानांनी बोलावे, तेथे उभे राहून आम्ही अमेरिकेतील धंदेवाईक कुस्तीविषयी, आणि त्यातही दोन-दोन मल्लांच्या जोड्यांनी खेळायच्या कुस्तीविषयी बोलणार, हे पाहून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. विषय हलका आहे, असे त्यांतले काही म्हणतील. दुसरे म्हणतील की ही कुस्तीच खोटी. जिला आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, तिच्यात इतिहास तो कसला?

दुसरा आक्षेप आधी घेऊ. या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, हे खरे आहे. कोल्हापूरच्या खासबागेत तांबड्या मातीत जी निकाली कुस्ती होते, तिच्याशी हिची तुलना करणे म्हणजे त्या मातीचा अपमान होईल. तथापि, निकाल ठरलेला असला तरी पाठीवर पडणारे अंग खरे असते, मुरगळलेला खांदा खरा असतो, आणि बाकांवर बसून ओरडणाऱ्या माणसांच्या मनातला कढही खरा असतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'तला कीचक रंगभूमीवर खरोखर मरत नसे. तरी १९१० साली सरकारला त्या नाटकावर बंदी घालावी लागली. खोट्या मरणात लोकांना कोणते सत्य दिसते, हे सरकारला चांगले कळत होते. तेव्हा 'निकाल खरा की खोटा' हा प्रश्न बाजूला ठेवून आम्ही दुसराच प्रश्न विचारतो. या धंद्यात शेकडो जोड्या झाल्या. त्यांतल्या थोड्याच लोकांच्या ध्यानात राहिल्या. त्या कशामुळे थोर झाल्या?

प्रथम या खेळाची रचना पाहू. चौकोनी रिंग, चार कोपरे, भोवती तीन दोऱ्या. प्रत्येक पक्षाचे दोन मल्ल. परंतु एका वेळी एकानेच आत खेळायचे. दुसऱ्याने आपल्या कोपऱ्यात, दोऱ्यांच्या बाहेरच्या कडेवर उभे राहायचे आणि खांबाला बांधलेली एक आखूड दोरी हातात धरायची. ती दोरी न सोडता त्याचा हात जेथवर पोचेल तेवढीच त्याची सत्ता. आतला मल्ल थकला, जखमी झाला, की त्याने कोपऱ्यापर्यंत येऊन जोडीदाराच्या हाताला हात लावायचा. यालाच टॅग म्हणतात. स्पर्श झाला की बाहेरचा आत येतो आणि आतल्याने पंच पाच अंक मोजण्याच्या आत बाहेर जायचे. मात्र हा स्पर्श पंचाने डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे. न पाहिलेला स्पर्श तो मानत नाही. ज्यांनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत, त्यांना हे कलम निराळे समजावून सांगायला नको. अर्ज दिला हे जगाने पाहिले तरी साहेबाने पाहिला नसेल तर तो दिलेलाच नसतो!

या एवढ्याशा नियमांतून जे नाट्य निर्माण होते, त्याचे सारे सामर्थ्य त्या आखूड दोरीत आहे. सज्जन जोडी आणि खल जोडी समोरासमोर उभी राहते. पहिली काही मिनिटे सज्जनांची असतात. ते चपळाईने डाव टाकतात, खल चिडतात. मग पंचाची पाठ वळली की एखादा गुद्दा, एखादी केसांची ओढ, आणि सज्जनांपैकी एक जण खलांच्या कोपऱ्यात अडकतो. येथून खरा खेळ सुरू होतो. खल जोडी रिंगचे जणू दोन भाग करते आणि अडकलेल्याला आपल्या भागाबाहेर जाऊ देत नाही. ते आळीपाळीने आत येतात, ताजेतवाने राहतात. तो एकटा मार खातो. तो सरपटत आपल्या कोपऱ्याकडे निघतो. बाहेरचा मित्र दोरी ताणून हात पुढे करतो. दोन बोटांचे अंतर उरते, आणि कोणीतरी त्याला पायाला धरून मागे ओढतो. असे दोनदा, तीनदा होते. एकदा तर हात हाताला लागतोही. पण नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या खलाने पंचाला बोलण्यात गुंतवलेले असते. पंच वळतो, म्हणतो, "मी पाहिले नाही", आणि मदतीला आलेल्याला परत बाहेर काढतो.

येथे एक गोष्ट फार मार्मिक आहे. बाहेरचा मित्र संतापून नियम मोडून आत धावला, तर पंच त्याला अडवायला वळतो, आणि तेवढ्या अवधीत दोन्ही खल मिळून आतल्याला तुडवतात. म्हणजे मित्राचा संताप मित्राच्याच अंगावर उलटतो. म्हणून जाणत्या जोडीदाराला थांबावे लागते. दोरी घट्ट धरून, हात पसरून, प्रेक्षकांना टाळ्यांचा ठेका धरायला लावीत थांबावे लागते. आम्ही अनेक वर्षे कामगारांच्या सभा भरवीत आलो; संपाच्या काळात धावून जाण्यापेक्षा जागेवर थांबणे किती जड असते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्यामुळे कोपऱ्यातला तो मनुष्य आम्हांला रिकामा उभा वाटत नाही. थांबणे हेच त्याचे काम असते.

शेवटी एकदाचा स्पर्श होतो. पंच तो पाहतो. ताज्या दमाचा मित्र आत येतो आणि दोघाही खलांना लोळवतो. सभागृह छप्पर उडेल असे गर्जते. पंधरा-वीस मिनिटे जे दाबून ठेवले, ते एका क्षणात सुटते.

आता याचा इतिहास. अमेरिकेत जोडीच्या कुस्त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात रूढ होत गेल्या. परंतु त्यांचा खरा बहर दुसऱ्या महायुद्धानंतरचा. टेलिव्हिजन घरोघर येत होता आणि कॅमेऱ्याला चार माणसांची धावपळ एका जोडीच्या संथ झटापटीपेक्षा अधिक मानवत होती. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँतोनिनो रोक्का आणि एदुआर कार्पाँतिये यांची जोडी डिक द ब्रूझर व डॉ. जेरी ग्रॅहम यांच्याशी खेळली. ग्रॅहम रक्तबंबाळ झाला, आणि बारा हजारांहून अधिक प्रेक्षकांत असा दंगा उसळला की पोलिसांना धावावे लागले. त्याच वर्षी कॅनडातील कॅलगरी येथे अल कॉस्टेलो आणि रॉय हेफर्नन यांनी 'फॅब्युलस कांगारूज' ही जोडी उभी केली. रुंद काठाच्या टोप्या, हातात बूमरँग, ऑस्ट्रेलियन गाण्यावर प्रवेश, असा त्यांचा थाट. कॉस्टेलोचा जन्म वास्तविक इटलीतला. पण ऑस्ट्रेलियात वाढलेल्या या मनुष्याने ओळखले की जोडी म्हणजे दोन मल्लांची बेरीज नव्हे. तिला एक वेष, एक चाल, एक स्वभाव लागतो. १९६५ पर्यंत ते दोघे एकत्र राहिले आणि जोडीची कुस्ती हा कार्यक्रमाचा मुख्य पदार्थ होऊ शकतो, हे त्यांनी गावोगाव दाखवून दिले.

परंतु एक वेष घातल्याने जोडी थोर होत असती, तर हे व्याख्यान येथेच संपले असते. थोरवीचे मर्म कळण्यासाठी एक फुटलेली जोडी पाहावी लागते, आणि त्यासाठी आपणांस थोडा वेळ जपानला जावे लागेल.

१९५४ चा फेब्रुवारी. जपानवरील परकीय ताबा संपून दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. टेलिव्हिजनचे नियमित प्रक्षेपण सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेले. यंत्र घरी घेण्याची ऐपत फारच थोड्यांची. म्हणून चौकांत आणि स्थानकांसमोर यंत्रे उभारली होती. १९ फेब्रुवारीला तोक्योच्या कुरामाए सभागृहात बेन आणि माइक शार्प हे साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचे बंधू एका बाजूस, आणि दुसऱ्या बाजूस पूर्वीचा सुमो मल्ल रिकिदोझान व जुदोतला अजिंक्य मासाहिको किमुरा. शिम्बाशी स्थानकासमोर हजारो लोक एका लहानशा पडद्याकडे माना उंचावून उभे होते. ६१ मिनिटांची मुदत संपली तेव्हा कुस्ती बरोबरीत होती. पराभूत राष्ट्राने त्या रात्री धिप्पाड गोऱ्यांना हाताच्या वारांनी मागे हटताना पाहिले. शार्प बंधू खरे म्हणजे अमेरिकन नव्हते, कॅनडाचे होते; आणि रिकिदोझानही जन्माने कोरियन होता. पण पडद्याखाली उभ्या असलेल्या लोकांना या तपशिलाशी कर्तव्य नव्हते.

या जोडीत कामाची वाटणी कशी होती ते पाहा. मार खाण्याचे आणि चीत होण्याचे काम मुख्यतः किमुराकडे. शेवटी येऊन गोऱ्यांना झोडपण्याचे रिकिदोझानकडे. किमुरा लहानसहान मल्ल नव्हता. १९५१ साली त्याने ब्राझीलमध्ये जाऊन हेलियो ग्रेसीला हरवले होते. त्याने दुय्यम भूमिका केली. पण कीर्ती, पैसा आणि सत्ता सारी एकाच कोपऱ्यात साठत गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात किमुराने वर्तमानपत्रातून बोलून दाखवले की खऱ्या कुस्तीत आपण हरणार नाही. २२ डिसेंबर १९५४ रोजी कालचे जोडीदार समोरासमोर आले. बरोबरी व्हावी असे ठरले होते, असे किमुराने पुढे सांगितले. प्रत्यक्षात रिकिदोझानने त्याला मारून बेशुद्ध पाडले. दहा महिन्यांत राष्ट्राची लाडकी जोडी अशी संपली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५५ मध्ये, तोक्योत आशियाई जोड्यांचे पहिले अजिंक्यपद ठरले आणि ते किंगकाँग व टायगर जोगिंदर सिंग यांनी नेले. मुंबईत दारासिंगाबरोबर लढणारा जो किंगकाँग जुन्या लोकांना आठवतो, तोच हा. रिकिदोझानला तोपर्यंत दुसरा जोडीदार शोधावा लागला होता.

या उदाहरणावरून आमचे मत असे झाले आहे की जोडीची परीक्षा शेवटच्या गर्जनेत होत नाही. मार खाणाऱ्याला मान किती, यात ती होते. ज्या जोडीत सोसणारा हा केवळ पायरी असतो, ती जोडी आज ना उद्या फुटते. ज्या जोडीत सोसणाऱ्यालाच लोक डोक्यावर घेतात आणि बाहेरचा त्याच्या मानात आपला मान पाहतो, ती टिकते.

अशा टिकलेल्या जोड्या पाहायच्या तर उत्तर व दक्षिण कॅरोलायना या अमेरिकेच्या आग्नेयेकडील राज्यांत जावे. हा सुती गिरण्यांचा मुलूख. मुंबईच्या गिरणी कामगाराने १९२८ साली दोन साच्यांऐवजी तीन साच्यांच्या सक्तीविरुद्ध सहा महिने संप केला. जवळजवळ त्याच तक्रारीवरून, एकाच मजुराकडून अधिकाधिक यंत्रे चालवून घेण्याच्या पद्धतीवरून, १९३४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत सुमारे चार लाख कापड कामगार संपावर गेले. दक्षिण कॅरोलायनातील हनिया पाथ या गावी ६ सप्टेंबरला गिरणीच्या दारात गोळीबार होऊन सात कामगार मेले. तीन आठवड्यांत संप मोडला; अनेकांना पुन्हा कामावर घेतले नाही. तेव्हापासून त्या गिरण्यांत कामगार संघटनेला नीटसे पाऊल रोवता आले नाही.

याच मुलखात जिम क्रॉकेट नावाच्या ठेकेदाराने शार्लट शहरात ठाण मांडून कुस्त्यांचे फड भरवले. १९७३ साली तो वारला, तोवर त्याच्या कार्यक्रमांचे वैशिष्ट्य एकच होते : मुख्य कुस्ती बहुधा जोड्यांची. ग्रीनव्हिलसारख्या गिरणगावात सोमवारी रात्री लोक सभागृहात जमत. १९६० नंतरच्या दशकात जॉर्ज बेकर आणि जॉनी वीव्हर ही त्यांची लाडकी सज्जन जोडी. रिप हॉक आणि स्वीड हॅन्सन ही खल जोडी. हॉक बुटका व बडबड्या, हॅन्सन धिप्पाड व अबोल. एकाने चिथवावे, दुसऱ्याने दडपावे. त्यांच्यानंतर जीन आणि ओल अँडरसन आले. यांना कोणी चपळ वा सुंदर म्हटले नसते. त्यांची रीत कारागिराची होती. प्रतिस्पर्ध्याचा एक हात निवडायचा आणि कुस्तीभर फक्त त्या हातावर काम करायचे; एकाने पिळायचा, दुसऱ्याच्या हवाली करायचा, त्याने पुन्हा तोच पिळायचा. शेवटच्या बाकावरच्या मनुष्यालाही कळावे की दुखते कोठे आहे. ते सख्खे भाऊ नव्हते. ओलचे मूळ आडनाव रोगोव्स्की. पण त्यांच्या कामात असा सांधा होता की नात्याबद्दल कोणी शंका घेतली नाही.

आणि मग १९८५ साली रिकी मॉर्टन व रॉबर्ट गिब्सन आले. १९८३ साली मेम्फिस येथे एकत्र आणलेली ही 'रॉक अँड रोल एक्सप्रेस'. ९ जुलै १९८५ रोजी उत्तर कॅरोलायनातील शेल्बी या गिरणगावात त्यांनी इव्हान कोलॉफ आणि क्रशर ख्रुश्चेव्ह या 'रशियन' जोडीकडून जागतिक अजिंक्यपद घेतले. त्या दोघांत रशियन एकही नव्हता. एक कॅनडाचा, दुसरा मिनेसोटाचा. मॉर्टन उंचीने बेताचा, अंगाने सडपातळ. मार खाण्याचे काम त्याचे. पण किमुरा आणि मॉर्टन यांत मोठे अंतर आहे. मॉर्टन मार खाताना निपचित पडत नसे. प्रत्येक तडाख्यानंतर तो कोपऱ्याकडे एक वीत सरके, हात लांबवी, पडे, पुन्हा सरके. लोकांना त्याच्या सोसण्यात कधी लाचारी दिसली नाही. झगडाच दिसला. परिणाम असा झाला की सोसण्याची ही भूमिका या धंद्यात त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. आजही अमेरिकेतील मल्ल अडकलेल्या जोडीदाराबद्दल बोलताना 'तो रिकी मॉर्टन करतो आहे' असे म्हणतात. गिब्सनच्या नावाने अशी म्हण नाही. पण पसरलेल्या हाताशिवाय सरपटण्याला अर्थ नसतो, हे दोघेही जाणत होते. १९८३ पासूनची ही जोडी दशकानुदशके टिकली आणि २०१७ साली दोघांचा सन्मानही एकत्रच झाला.

त्यांच्या थोरवीत आणखी दोघांचा वाटा आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. बॉबी ईटन व डेनिस काँड्री यांची 'मिडनाइट एक्सप्रेस' ही त्यांची कायमची खल जोडी. कोपऱ्याशी टेनिसची रॅकेट घेतलेला त्यांचा व्यवस्थापक जिम कॉर्नेट. २ फेब्रुवारी १९८६ ला याच जोडीने मॉर्टन-गिब्सनकडून अजिंक्यपद काढून घेतले, आणि ऑगस्टात ते परतही दिले. सज्जनांचे सोसणे खरे वाटावे म्हणून खलांनी निर्दय दिसायचे, आणि त्याच वेळी ज्याला उचलून आपटायचे त्याची मान सुरक्षित राहील याची काळजी वाहायची. ठरवून खेळलेल्या कुस्तीतही मल्ल आपले शरीर प्रत्यक्षात प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करीत असतो. म्हणजे रिंगमध्ये दिसते ते दोघांचे सख्य. न दिसणारे असते ते चौघांचे. ते चौघांचे सख्य नसेल तर चांगली जोडी एकाच रात्रीत जायबंदी होईल.

आता प्रश्न असा की, ज्या गिरणगावांत संघटना उभी राहू शकली नाही, तेथल्या माणसांना हाच खेळ इतका का भावला? आम्ही असे म्हणत नाही की तेथला प्रत्येक प्रेक्षक मनात संपाची आठवण घेऊन बसत होता. परंतु दिवसभर ज्याने एकट्याने यंत्रे सांभाळली, ज्याच्या मुकादमाने नेमके पाहायचे तेव्हा पाठ फिरवली, त्याला रात्री असा एक खेळ दिसे की ज्यात एकटा पडलेला मनुष्य अखेर एकटा राहत नाही. नियम खलांना वाकवता येतात, पंच आंधळा असतो, तरी कोपऱ्यात कोणीतरी हात पसरून उभा असतो. एवढेच त्या खेळाचे वचन. ते वचन त्या सभागृहात आठवड्याला एकदा पाळले जाई.

ज्यांनी ते पाळून दाखवले, त्यांच्या वाट्याला मात्र ते आले नाही. मल्लांची संघटना नव्हती. ठेकेदारांची मात्र होती. जुलै १९४८ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे कुस्त्यांच्या ठेकेदारांनी 'नॅशनल रेसलिंग अलायन्स' स्थापन केली. मुलूख आपसांत वाटून घेतले. एकाने काढून टाकलेल्या मल्लाला दुसऱ्याने काम द्यायचे नाही, असा त्यांचा व्यवहार. अखेर अमेरिकेच्या न्याय खात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कारवाई केली आणि १९५६ साली या मंडळींना तडजोडीच्या हुकुमनाम्यावर सह्या कराव्या लागल्या. मालकांना एकजुटीचे मोल पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, एवढे यावरून सिद्ध होते.

मल्लांच्या बाजूने जो प्रयत्न ठळकपणे आठवतो तो १९८६ चा. त्या वर्षीच्या वसंतात मोठ्या कार्यक्रमाच्या आधी जेसी वेन्चुरा यांनी सहकाऱ्यांना संघटना करण्याचे आवाहन केले. ही बातमी मालक व्हिन्स मॅकमॅहन यांच्यापर्यंत पोचली. ती त्या काळचा सर्वांत नामांकित मल्ल हल्क होगन याने पोचवली, हे पुढे कोर्टातल्या दाव्यात मॅकमॅहन यांच्या साक्षीतून आपल्याला कळले, असे वेन्चुरा सांगतात. तो दावा चित्रफितींच्या मानधनाचा होता आणि १९९४ साली ज्यूरीने वेन्चुरांना ८ लाख डॉलरांहून अधिक रक्कम मंजूर केली. एकट्याने दावा लावून एकट्याचे पैसे मिळाले. संघटना मात्र झाली नाही. त्या कंपनीचे मल्ल कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदारच राहिले. पगारी नोकराचे हक्क त्यांना लागू झाले नाहीत.

तेव्हा थोर जोडी कशाने होते, याचे आमचे उत्तर थोडक्यात असे. कामाची वाटणी स्पष्ट हवी. सोसणाऱ्याला मान हवा. थांबणाऱ्याला शिस्त हवी. आणि समोरच्याच्या शरीराची काळजी हवी. या चार गोष्टी ज्यांना साधल्या, त्यांची नावे आम्ही आज घेतली. चारांतली एक गळाली की काय होते, ते किमुराच्या कथेत दिसले. या चार गोष्टी दोन माणसांना पुरतात. दोनशे माणसांनाही पुरतील, अशी आमची समजूत आहे. ज्यांनी दोघांत त्या इतक्या चोख पाळल्या, त्यांनी दोनशेंत पाळण्याची वेळ आली तेव्हा आखूड दोरी हातातून सोडली. एवढे समजून आपण त्यांचा खेळ पाहावा.